खिडकीकडचा स्पीकर

उस्तादांनी बस चालवायची सोडून वर्ष होत आलं होतं, तरी गल्लीतली माणसं त्यांना उस्तादच म्हणत. गाण्यातले उस्ताद नव्हेत, स्टेअरिंगवरचे. गाण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की ते ऐकायला त्यांना आयुष्यात कधी सवड मिळाली नव्हती. लांब पल्ल्याची गाडी. सकाळी निघायचं, दिवस मावळताना पोचायचं आणि मधला सगळा वेळ इंजिनाची घरघर. घरी यावं तर बायकोचं शिवणयंत्र चालू. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी विचारलं, "आता काय करणार, उस्ताद?" तर ते म्हणाले, "गप्प बसणार आणि गाणी ऐकणार." लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करताहेत.

गंमत नव्हती. तरुणपणी एकदा वाटेतल्या एका गावात त्यांची गाडी बंद पडली होती. मेकॅनिक येईपर्यंत उस्ताद समोरच्या रेडिओच्या दुकानात सावलीला जाऊन उभे राहिले. दुकानदार हौशी. त्यानं त्यांना दोन स्पीकरांच्या मधोमध खुर्ची दिली आणि रेकॉर्ड लावली. कुणीतरी बासरी वाजवत होतं. ती बासरी डावीकडून निघाली आणि सरकत सरकत, अगदी नाकासमोरून, उजवीकडे गेली. खोलीतून माणूस चालत जावा तशी. उस्तादांनी मान वळवून पाहिलंसुद्धा. दुकानदाराला कोण आनंद झाला. "याला स्टिरिओ म्हणतात," तो म्हणाला. तेवढ्यात बाहेर मेकॅनिक आला, प्रवासी ओरडायला लागले आणि उस्ताद उठले. पण ती चालत गेलेली बासरी काही डोक्यातून गेली नाही.

म्हणून निवृत्त झाल्यावर जुन्या वस्तूंच्या दुकानात तसा सेट दिसला तेव्हा त्यांनी मागचा-पुढचा विचार केला नाही. लाकडी कडांचा अॅम्प्लिफायर, टर्नटेबल, कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर आणि वर खोकंभर रेकॉर्डी. टेम्पोतून माल उतरला तेव्हा त्यांची बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. ती घरी शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. पुढची खोली म्हणजे तिचं दुकानच.

"ही कपाटं कुणाची आणलीत?"

"कपाटं नाहीत. स्पीकर आहेत."

"आणि माझं मशीन कुठं जाणार? डोक्यावर घेऊ?"

मशीन आतल्या खोलीत गेलं. बाई चार दिवस कमी बोलल्या. उस्तादांना वाटलं, चला, एवढ्यावर निभावलं.

कुठलं निभावतंय! टर्नटेबलची थाळी उचलली तर आतला रबरी पट्टा डांबरासारखा वितळून चिकटलेला. तो खरवडताना बोटं काळी झाली, बोटांचं दाराच्या कडीला लागलं, कडीचं एका शाळेच्या पांढऱ्या शर्टाला. शर्टावरून जे व्हायचं ते झालं. नवा पट्टा मिळाला तर सुई बोथट निघाली. सुई बदलली तर थाळी तिरकी. उस्तादांनी टर्नटेबलच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, मग दुसऱ्या पायाखाली, मग पहिलीची काढली. पेल्यात पाणी भरून थाळीवर ठेवलं, पाणी कुठं कलतंय ते वाकून पाहिलं आणि उठताना कोपर लागून पेला सांडला.

सुईच्या दांड्यामागे एक वजन असतं. ते पुढे-मागे फिरवून सुईचा भार ठरवायचा. जरा जास्त झालं तर रेकॉर्ड खरवडते, जरा कमी झालं तर सुई बेडकासारखी उड्या मारते. अवघड घाटात भरलेली गाडी हाफ क्लचवर धरणारे उस्ताद त्या चिमुकल्या वजनापुढे घामाघूम झाले. भार जमला तेव्हा स्पीकरांतून हूं असा आवाज यायला लागला. गाणं एका बाजूला आणि हूं एका बाजूला. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, अर्थिंगची बारीक वायर राहिलीय, ती मागच्या स्क्रूला लावा. ती लावली. हूं थांबला. उस्तादांनी खुर्ची मधोमध ओढली, बासरीची एक रेकॉर्ड शोधून काढली, सुई टेकवली आणि डोळे मिटले.

बासरी उजवीकडून आली. आणि उजवीकडेच राहिली.

त्यांनी डोळे उघडले. उजवा स्पीकर कपाटाशेजारी होता, डावा खिडकीपाशी. कपाटाकडचा खणखणीत वाजत होता आणि खिडकीकडचा आजारी माणसासारखा कुठेतरी आत कण्हत होता. उस्तादांनी आवाज वाढवला. कपाटाकडचा आणखी ओरडला. आतून बायकोनं हाक मारली, "अहो, कमी करा, गणवेशाचं माप चुकतंय!"

इथून पुढचे दिवस त्या खिडकीकडच्या स्पीकरनं खाल्ले. उस्तादांनी वायर काढून साफ करून लावली. तेच. दोन्ही स्पीकरांच्या वायरी एकमेकींत बदलल्या. तरी खिडकीकडचाच हळू. म्हणजे वायरीत दोष नाही, डब्यातच आहे, असं ठरवून त्यांनी दोन्ही डबे एकमेकांच्या जागी नेले. दमछाक झाली, फरशीवर ओरखडे उठले, कमरेत उसण भरली. सुई टेकवली. आता खिडकीपाशी आलेला दुसरा डबाही तसाच मुका, आणि कालचा मुका कपाटाशेजारी जाऊन खणखणीत गातोय!

"याला काय अर्थ आहे?" ते स्पीकरलाच म्हणाले.

मग अॅम्प्लिफायरवर संशय आला. चादरीत गुंडाळून तो रेडिओवाल्याकडे नेला. रेडिओवाला थंड डोक्याचा माणूस. त्यानं झाकण उघडलं, मीटर लावलं, दोन्ही बाजू तपासल्या आणि झाकण बंद केलं. "दोन्हीकडून सारखं येतंय, उस्ताद."

"सारखं कसं येईल? मी काय मूर्ख आहे?"

"मी तसं म्हणालो नाही."

"बोलायची पद्धत तशीच आहे तुमची."

घरी आणून लावला. खिडकीकडचा हळू. पुन्हा चादर, पुन्हा दुकान. या वेळी रेडिओवाल्यानं त्यांच्यासमोर दोन स्पीकर जोडून गाणं लावलं आणि म्हणाला, "ऐका." उस्ताद काउंटरला उजवा खांदा टेकून उभे होते, दोन्ही स्पीकर त्या बाजूला मांडलेले, आणि दोन्ही नीट ऐकू आले. ते आणखीच चिडले. "इथं बरोबर वाजतो आणि घरी नाही, म्हणजे तुम्ही मला दाखवण्यापुरतं काहीतरी करता." यावर रेडिओवाल्यानं अॅम्प्लिफायर चादरीत बांधून त्यांच्या हातात दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता राहिली खोली. आवाज खिडकीतून बाहेर जात असेल, अशी उस्तादांची खात्री झाली. त्यांनी खिडकी लावली. मग तिच्यावर रजई टांगली. मग समोरची भिंत मोकळी म्हणून तिथे गादी उभी केली. खोलीत दिवसाढवळ्या अंधार झाला. गिऱ्हाईक बायका गणवेश न्यायला आल्या की दारातच थबकायच्या. एकीनं हळूच विचारलंसुद्धा, "घरात कुणी आजारी आहे का?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात बाईंनी त्यांना जेवताना दोनदा विचारलं की विजेचं बिल भरलं का, आणि दोन्ही वेळा उस्ताद ताटात बघत राहिले. बाईंनी ताट उचललं आणि आत गेल्या. हे नवं नव्हतं. त्यांच्या घरात बाई बोलायच्या आणि उस्ताद कधी उत्तर द्यायचे, कधी नाही. बाईंनी ते केव्हाच स्वभावाच्या खात्यावर टाकून दिलं होतं.

रविवारी मुलगी आली. ती दवाखान्यात नर्स होती, बोलायला तिखट. दारातून आत येताच तिनं खिडकीवरची रजई ओढून काढली.

"बाबा, हे काय चाललंय? आई फोनवर रडकुंडीला आली होती."

"आईला काय होतंय रडायला? रडायची पाळी माझ्यावर आलीय. बस तिथं. बस, बस. आणि सांग, डावा वाजतोय का."

मुलगी खुर्चीत बसली. उस्तादांनी बासरी लावली. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग तिनं बोट डावीकडून उजवीकडे नेलं. "इकडून इकडे जातेय. किती छान! दोन्ही अगदी सारखे आहेत, बाबा."

"सारखे?"

"एकदम."

"तू त्या माणसाला भेटून आलीयस का?"

"कुठल्या माणसाला?"

"रेडिओवाल्याला! सगळे मिळून मला वेड्यात काढताय. कानांत दिवसभर ती बुचं घालून फिरता, तुम्हाला काय कळणार कुठून काय येतंय! या खिडकीकडच्या स्पीकरला आवाज नाही, नाही, नाही!"

मुलगीही चिडून उठली आणि दाराकडे निघाली. उस्ताद तिच्याकडे वळले, पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि तसेच राहिले.

स्पीकर आता त्यांच्या पाठीमागे होते. रेकॉर्ड चालूच होती. आणि खिडकीकडचा स्पीकर, इतके दिवस मेलेला, खणखणीत वाजत होता. कपाटाकडचा कण्हत होता.

ते हळूच पुन्हा स्पीकरांकडे वळले. खिडकीकडचा गेला. पुन्हा दाराकडे वळले. आला. मुलगी दारात चपला घालता घालता थांबली होती. तिनं चपला काढल्या, जवळ आली आणि काही न विचारता वडिलांचा उजवा कान तळहातानं दाबून धरला.

खोलीतलं सगळं लांब गेलं. बासरी विहिरीच्या तळाशी गेली. मुलीचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते.

तिनं हात काढला. "ऐकू आलं मी काय म्हणाले?"

"मोठ्यानं बोल की मग!" उस्ताद ओरडले. आणि खुर्चीत बसले.

कानाच्या डॉक्टरबाई वयानं मुलीएवढ्याच होत्या. त्यांनी उस्तादांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि टूं ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं. उजव्या कानाच्या वेळी उस्ताद पटापटा बटण दाबत होते. डाव्या कानाची पाळी आली तेव्हा त्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी काचेतून हात हलवून विचारलं, "सुरू कधी करताय?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "केव्हाच केलंय."

मग कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवून त्यांनी विचारलं, "काम कुठलं होतं?"

"बस चालवायचो."

"इंजिन कुठल्या बाजूला असायचं?"

उस्तादांचा डावा हात आपोआप वर आला. गाडीच्या पुढच्या भागात, डाव्या मांडीला लागून, लोखंडी झाकणाखाली इंजिन. उन्हाळ्यात त्या बाजूची पोटरी भाजून निघायची. पोटरीची तक्रार सगळे ड्रायव्हर करायचे. कानाची कुणीच केली नव्हती. दरवर्षीच्या तपासणीत डोळे बारकाईनं बघायचे, आणि कानांसाठी एक माणूस मागे उभा राहून नाव पुकारायचा. उजव्या कानानं नाव ऐकलं, झालं. पास.

"हे कधीपासून असेल?" सोबत आलेल्या बाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. दहा वर्षं, वीस वर्षं, काहीही असू शकतं."

रिक्षातून परत येताना उस्ताद तणतणत होते. डेपोला, इंजिनाला, तपासणीच्या त्या माणसाला, सगळ्यांना. बाई त्यांच्या डावीकडे बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी चहा ठेवला, कप आणून उस्तादांच्या पुढ्यात ठेवला आणि या वेळी उजव्या बाजूला येऊन बसल्या.

"जेवायला मी नेहमी कुठं बसते?"

उस्तादांनी टेबलाकडे पाहिलं. बाईंची खुर्ची भिंतीकडे, त्यांच्या डावीला. लग्नानंतर घर मांडलं तेव्हापासून तिथेच.

"म्हणजे मी इतकी वर्षं भिंतीशी बोलत होते?"

"अगं, सगळंच काही ऐकू येत नव्हतं असं नाही..."

"माझी आई शेवटी शेवटी दादाकडे होती. तिला तिथं नको होतं. मी तुम्हाला जेवताना विचारलं होतं, तिला आपल्याकडे आणू का म्हणून. तुम्ही ताटात बघत जेवत राहिलात. हात धुतलेत आणि ड्यूटीवर गेलात."

उस्तादांनी चहाचा कप बाजूला सारला.

"मला वाटलं, नाही म्हणायचं जिवावर आलं म्हणून गप्प बसलात. मग मी पुन्हा विचारलं नाही. कशाला विचारू? आणि ती गेली दादाकडेच."

"मला ऐकूच आलं नाही."

"असेल."

"अगं असेल काय? खरंच ऐकू आलं नाही! मी नाही म्हणालो असतो का? सांग, म्हणालो असतो का?"

"मला काय माहीत," बाई म्हणाल्या. "तेव्हा कान कसा होता ते डॉक्टरलाही माहीत नाही."

हीच तर अडचण होती. उस्तादांनी पुष्कळ आठवून पाहिलं. सासूबाई आठवल्या, ते दिवस आठवले, पण तो प्रश्न काही आठवेना. न ऐकलेली गोष्ट आठवणार तरी कशी? आणि ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं असेल, तर? तेव्हा घर लहान होतं, दोन्ही वेळच्या फेऱ्या होत्या, सासूबाईंचा स्वभावही सोपा नव्हता. आपण मुद्दाम गप्प राहिलो नव्हतो हे छातीठोकपणे सांगायला तोंड उघडावं आणि शब्द अडावेत, असं त्यांचं होऊन बसलं. राग आला तरी काढायचा कुणावर? इतके दिवस निदान स्पीकर तरी होता.

स्टिरिओवर चादर पडली. बाईंनी शिवणयंत्र पुढच्या खोलीत आणलं नाही, आणि उस्तादांनीही आण म्हटलं नाही. घरात कामापुरतं बोलणं चाललं. फरक इतकाच, की बाई आता उजवीकडून बोलायच्या आणि उस्ताद दर वेळी उत्तर द्यायचे, अगदी द्यायची गरज नसली तरी.

कानाला यंत्र मिळालं. ते घालून उस्तादांनी एकदा चादर काढली. यंत्रातून बासरी पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखी यायची, आणि रेकॉर्डवरच्या ओरखड्यांची करकर बासरीपेक्षा मोठी. त्यांनी यंत्र काढून खिशात कोंबलं. अॅम्प्लिफायरवर मोनो असं लिहिलेलं एक बटण होतं. ते दाबलं की दोन्ही स्पीकर एकच बोलतात. म्हणजे एका कानानं सगळं ऐकू येतं. उस्तादांनी ते दाबलं. सगळं ऐकू आलं. पण सगळं एकाच जागी, ढीग घातल्यासारखं. कुणी चालत गेलं नाही. "यासाठी रेडिओ काय वाईट होता?" म्हणत त्यांनी बटण पुन्हा वर काढलं.

त्यानंतर एका दुपारी ते रेडिओवाल्याकडे गेले. माफी मागायची म्हणून निघाले होते. दुकानात पोचल्यावर म्हणाले, "स्पीकरची वायर द्या. लांब हवी." रेडिओवाल्यानं वायर मोजून दिली. "वाजतो का आता?" त्यानं विचारलं. "वाजतो," उस्ताद म्हणाले. "पहिल्यापासून वाजत होता." रेडिओवाल्यानं मान डोलावली. वायरीचं भेंडोळं काखेत मारून उस्ताद बाहेर पडले.

त्या लांब वायरीनं त्यांनी मांडणी बदलून पाहिली. दोन्ही स्पीकर उजवीकडे, एक जवळ, एक लांब. मग खुर्ची तिरकी. मग आणखी तिरकी, इतकी की स्वयंपाकघरात जायची वाट अडली. बाई आतून गणवेशांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि खुर्चीच्या पायाला अडखळल्या. गठ्ठा पडला. उस्तादांना वाटलं, आता भांडण. झालं असतं तर बरंच वाटलं असतं.

बाईंनी शर्ट उचलले. मग त्यांनी खुर्ची ओढून पहिल्या जागी, मधोमध ठेवली, दुसरी खुर्ची आणून तिच्या उजवीकडे ठेवली आणि स्पीकर होते तिथे नेऊन लावा म्हणाल्या. उस्तादांनी कुरकुर करत लावले. रेकॉर्डींच्या खोक्यातून बाईंनी स्वतःच एक काढली. वरच्या चित्रात वाद्यं घेतलेली पुष्कळ माणसं होती.

"लावा. मी सांगते डावीकडून काय येतंय ते."

"हे काय पोरकट..."

"लावा म्हटलं ना."

उस्तादांनी लावली आणि बसले. उजवीकडून व्हायोलिनं सुरू झाली, पुष्कळ, एकदम.

"डावीकडे कुणीतरी पिपाणीसारखं वाजवतंय," बाई त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाल्या. "जाड आवाजाची. एकटाच आहे. आता थांबला. आता दोघं झाले. दुसरा बारीक वाजवतोय. आता पहिला त्याच्यावर चढलाय, भांडल्यासारखा. हां, आता ढोल. लांबचा. तुम्हाला येतोय का ढोल?"

"कसा येणार? तू मध्ये बोलतेयस, मला उजवीकडचंही ऐकू येईना!"

"मग सांगू नको?"

उस्ताद कपाळाला आठ्या घालून कपाटाकडच्या स्पीकरकडे बघत राहिले. व्हायोलिनं वर वर चढत होती.

"सांग," ते म्हणाले. "पण जरा थोडक्यात."

"ढोल थांबला," बाई म्हणाल्या.